ड्रममधलं पाणी : कंट्रोल रूमच्या कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर

कंट्रोल रूममधले अलार्म आणि स्क्रीन ऑपरेटरला झेपतील असे करायचे, हे काम मी मागून घेतलं आहे, म्हणून आधी ते का मागितलं ते लिहून ठेवते.

आमचा साखर कारखाना गोदाकाठच्या पट्ट्यातला, जायकवाडीच्या कालव्यावर पोसलेल्या उसाचा. सहवीजनिर्मितीचा बॉयलर एकच. ताशी ८० टन वाफ, ६७ किलो दाब, जळण बगॅसचं, म्हणजे उसाच्या चिपाडाचं. त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि टर्बाइनमधून सुटलेल्या वाफेवर रस आटतो. बॉयलर बसला की गव्हाण थांबते आणि यार्डातल्या बैलगाड्यांची रांग डांबरी रस्त्यापर्यंत जाते. हे सगळं कंट्रोल रूममधली दोन माणसं सांभाळतात, एक बॉयलरवर, एक टर्बाइनवर.

गेल्या जानेवारीत एका रात्री बाहेरची वीजलाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली. स्क्रीन लाल झाली, हूटर थांबेना. ड्रमची, म्हणजे बॉयलरच्या वरच्या पाणी-वाफेच्या टाकीची, लेव्हल वर पळताना दिसली म्हणून बॉयलरच्या ऑपरेटरने पाणी तोडलं. दोन मिनिटांनी लेव्हल कोसळली आणि बॉयलर लो-लो लेव्हलवर, म्हणजे पाण्याच्या सगळ्यात खालच्या हद्दीवर, आपोआप ट्रिप झाला. चौकशीचा निकाल एका ओळीत लागला: ऑपरेटरची चूक. त्याला राखेच्या प्लँटवर पाठवलं.

चौकशीला अलार्मची छापील यादी मीच जोडली होती. तीन मिनिटांची साडेचार पानं. ती चाळताना माझ्या पोटात गोळा आला, कारण त्यातला जवळजवळ प्रत्येक अलार्म माझ्या हातचा होता. तीन मिनिटांत साडेचार पानं वाचून, हूटर कानाशी वाजत असताना, त्या माणसाने काय ठरवायला हवं होतं?

डीसीएस (सगळा प्लँट ज्यावरून चालतो तो संगणक) आहे तोच राहणार. पैसे जवळपास नाहीत. वेळ हा एक हंगाम.

२१ ऑक्टोबर

गेल्या हंगामातला मुद्दाम एक साधा दिवस काढला, ज्या दिवशी काहीच बिघडलं नव्हतं. २४ तासांत १,७४० अलार्म. म्हणजे दर दहा मिनिटांना बारा.

ईईएमयूए १९१ ही अलार्मबद्दलची ब्रिटिश मार्गदर्शिका पहिल्यांदा १९९९ साली आली. एका ऑपरेटरला पाळीभर झेपावा असा वेग तिने सांगितला आहे तो दहा मिनिटांना साधारण एक अलार्म. पुढे २००९ चं आयएसए १८.२ आणि २०१४ चं आयईसी ६२६८२ ही दोन्ही मानकं त्याच वाटेने गेली. दहा मिनिटांत दहाच्या वर गेले की त्याला अलार्मचा पूर म्हणतात. आमच्याकडे नदी शांत असतानाच पूर आहे.

या मार्गदर्शिकेमागे घडलेल्या गोष्टी आहेत. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ ला स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या सुमारे अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. २६ माणसं जखमी झाली. हा आकडा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

आमच्या यादीत पहिल्या दहा टॅगांनीच, म्हणजे दहा उपकरणांनीच, निम्म्याहून जास्त जागा खाल्ली आहे. पहिला नंबर बगॅस फीडरच्या शूटवरच्या लेव्हल स्विचचा: भुसा पडला की लागतो, सरकला की सुटतो, दिवसभर तेच. दुसरा फर्नेसच्या ड्राफ्टचा (भट्टीतल्या हवेच्या ओढीचा), कारण तो मोजणाऱ्या ट्रान्समीटरच्या बारीक नळीत, इंपल्स लाईनमध्ये, राख बसते. तिसरा बॉयलरला पाणी देणाऱ्या राखीव फीड पंपाचा, 'पंप बंद आहे' म्हणून ओरडणारा. राखीव पंप बंदच असणार, म्हणून तर तो राखीव. ही तीन कामं दोन दिवसांची होती आणि सहा हंगामांत मी ती केली नाहीत.

२९ ऑक्टोबर

आठवडाभर तिन्ही पाळ्यांच्या ऑपरेटरांबरोबर बसले. प्रत्येक अलार्मला एकच प्रश्न: हा वाजला तर तुम्ही काय करता?

"ॲक मारतो," म्हणजे अलार्म पाहिल्याची पोच देणारं बटण दाबतो, हे उत्तर इतक्या वेळा आलं की शेवटी मी नुसती खूण करायला लागले. ज्या अलार्मवर ऑपरेटरने करण्यासारखं काही नाही, तो अलार्म नाही. ती नोंद आहे, ती मुकाट्याने इतिहासात जावी. आयएसए १८.२ ची व्याख्याही तेच सांगते: वेळेत काहीतरी करावं लागेल अशी स्थिती असेल तरच अलार्म. ६१२ पैकी २३७ राहिले. क्षणभराच्या हालचालीने वाजू नये म्हणून स्विचला डिले टायमर आणि डेडबँड दिला, इंपल्स लाईनला हवेचं पर्जिंग (हवेने फुंकून साफ ठेवणं), आणि चालू पंप थांबला तरच राखीव पंपाने बोलायचं अशी लॉजिक टाकली.

यादी मंजुरीला गेली तेव्हा एका वरिष्ठांनी विचारलं, "काढताय खरं, पण उद्या काही झालं आणि तोच अलार्म नव्हता असं निघालं तर?"

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. अलार्म लावून ठेवला की आपण सुटतो. काही झालं तर म्हणता येतं, 'स्क्रीनवर आलं होतं, त्याने बघितलं नाही.' जास्तीचे अलार्म आम्ही इंजिनिअरांनी स्वतःच्या बचावासाठी लावले होते आणि त्यांचं ओझं त्या खुर्चीवरच्या माणसाने वाहिलं. मी हे असंच, याच शब्दांत बोलले. मग सही झाली.

४ नोव्हेंबर

गव्हाणीत मोळी पडली. पहिले चार दिवस नेहमीसारखे, मिल सारखी थांबते, ऊस कधी येतो कधी नाही. कालपासून नो केन, ऊसच नाही. अलार्म मोजण्यात अर्थ नाही.

११ नोव्हेंबर

काल रात्रपाळीला मामांच्या शेजारी बसले. मामा आमचे सगळ्यात जुने पॅनल ऑपरेटर. बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट त्यांनी जुन्या कमी दाबाच्या बॉयलरवर काम करता करता मिळवलं, तेव्हा डीसीएस नव्हतं.

दीडच्या सुमाराला दाब ६६ वरून ६२ वर उतरला आणि त्याच वेळी ड्रमची लेव्हल मध्यरेषेच्या वर सरकायला लागली. अधिक तीस, अधिक पन्नास. मी असते तर पाणी थोडं कमी केलं असतं. मामांनी हात मांडीवरच ठेवला.

"ताई, ती लेवल फसवायलीय. पॅनवाल्यांनी वाफ घेतली, दाब पडला, म्हणून ड्रममधले बुडबुडे फुगले. पाणी वर आल्यासारखं दिसायलंय, पण आत कमीच व्हायलंय. दूध उतू जातं तवा पातेल्यात दूध वाढतंय का?"

पॅन म्हणजे साखर शिजवायची भांडी. लेव्हल अशी फुगते त्याला पुस्तकात स्वेल म्हणतात. मी ते परीक्षेत लिहिलं आहे. वाफेची मागणी एकदम वाढली की दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे मोठे होतात आणि पातळी खोटी चढते. मागणी एकदम तुटली की उलट होतं, बुडबुडे दबतात आणि पातळी खोटी पडते. पण परीक्षेत लिहिणं वेगळं आणि रात्री दीड वाजता हात मांडीवर ठेवणं वेगळं.

मी विचारलं, मामा, तुम्ही नक्की कशाकडे बघून ठरवता? ते थोडे गोंधळले. बोट एका स्क्रीनवरच्या वाफेच्या फ्लोवर ठेवलं, मग दुसरी स्क्रीन उघडली, तिथल्या पाण्याच्या फ्लोवर ठेवलं. "किती गेलं, किती आलं." मग तिसरी स्क्रीन, दाब. तीन स्क्रीन, तीन आकडे, वजाबाकी डोक्यात.

अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ माणसं गेली. तिथेही टॉवरमध्ये किती जातंय आणि किती बाहेर पडतंय हे आकडे वेगवेगळ्या स्क्रीनवर होते. टॉवर भरत गेला आणि लेव्हलचा ट्रान्समीटर पातळी उतरतेय असं दाखवत राहिला. मामा रोज जी वजाबाकी करतात, ती तिथे मांडलेलीच नव्हती.

१८ नोव्हेंबर

नवीन स्क्रीन. पाइप, पंप, व्हॉल्व्हची रंगीत चित्रं काढून टाकली. मागचा रंग राखाडी. सगळं ठीक असेल तेव्हा स्क्रीनवर कुठेच लाल-हिरवं नाही. मधोमध ड्रम, त्याच्या डावीकडे आत येणारं पाणी, उजवीकडे बाहेर जाणारी वाफ, दोन्ही एकाच मापाच्या पट्ट्यांवर, आणि खाली फरक, मोठ्या अंकात. शेजारी दाबाचा आणि लेव्हलचा गेल्या वीस मिनिटांचा ट्रेंड एकाखाली एक, म्हणजे दाब पडताना लेव्हल चढली तर नजर एकदम दोन्हीवर पडते.

एक हिशेब करून पाहिला. ताशी ८० टन म्हणजे मिनिटाला १.३३ टन वाफ. आमच्या ड्रममध्ये मध्यरेषेपासून ट्रिपच्या रेषेपर्यंतचं पाणी भरतं जेमतेम एक टन. म्हणजे पूर्ण लोडवर पाणी अजिबात थांबलं तर ऑपरेटरच्या हातात पाऊण मिनिट असतं. निम्मं थांबलं तर दीड मिनिट. आणि तेलाची किंवा गॅसची आग जशी बटणावर विझते तशी आमची नाही. ट्रिप झाल्यावरही जाळीवर पडलेला बगॅस जळत राहतो, वाफ होत राहते, पाणी उतरत राहतं. इंटरलॉक, म्हणजे आपोआप ट्रिप करणारी यंत्रणा, चालायच्या आधीच हाताने ट्रिप दाबला तर तेवढं पाणी ड्रममध्ये शिल्लक राहतं. 'इंटरलॉक आहे ना, तो बघेल,' असं म्हणणाऱ्यांना हे मी आता हिशेबासकट सांगते.

३ डिसेंबर

आजच्या तारखेमुळे पाळीबदलाच्या वेळी कंट्रोल रूममध्ये थांबले.

भोपाळमध्ये १९८४ च्या विषारी वायुगळतीच्या त्या रात्री पावणेअकराच्या सुमाराला पाळी बदलली होती. आधीच्या पाळीने ६१० नंबरच्या टाकीचा दाब २ पीएसआय नोंदवला होता. अकरा वाजता नव्या पाळीला तो १० दिसला. १० हा आकडा चालू हद्दीतलाच होता, म्हणून कोणाला खटकला नाही. त्यातून तिथली मीटरं आधीच विश्वासाची राहिली नव्हती. आकडा हद्दीत होता, पण अर्ध्या-पाऊण तासात तो पाचपट झाला होता. नुसता आकडा पाहणाऱ्याला हे दिसत नाही, आणि जो नुकताच खुर्चीवर बसला त्याला तर अजिबात नाही.

आमच्याकडे चार्ज देताना काय बोलतात ते ऐकलं. "सगळं बरंय." "बरं." झालं. लॉगशीटवर तासातासाचे आकडे आहेत, पण आकड्यांची दिशा कुठे नाही. आजपासून चार्ज देताना दोघांनी मिळून आठ तासांचा ट्रेंड उघडायचा आणि तीन गोष्टी तोंडाने बोलायच्या: काय बदललं, कशावर माझा विश्वास नाही, कुठे जंपर किंवा बायपास टाकलाय, म्हणजे कुठलं संरक्षण तात्पुरतं बाजूला ठेवलंय. दुसरी गोष्ट मामांनी सुचवलेली. कोणतं मीटर खोटं बोलतं हे जुन्या माणसाला ठाऊक असतं, ते त्याच्याबरोबर घरी जायला नको.

९ डिसेंबर

पॅनचा मजला आणि बॉयलरची कंट्रोल रूम यांच्यात दोनशे पावलं आणि दोन जिने आहेत. पॅनमन वाफेचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याला पॅन दिसतो. बॉयलरवाल्याला तीन मिनिटांनी पडलेला दाब दिसतो. फोन आहे, पण पॅनच्या आवाजात फोनवर कोण बोलणार.

पॅनच्या खांबावर एक पुश बटण लावलं, कंट्रोल रूममध्ये एक पिवळा दिवा. पॅन घ्यायच्या आधी बटण दाबायचं, एवढंच. जुनी केबल, स्टोअरमधला दिवा. दोन दिवसांत बॉयलरवाले दिवा लागला की आधीच बगॅसचा फीड वाढवायला लागले आणि दाबाचे खड्डे उथळ झाले. माझ्या स्क्रीनवर महिना गेला होता. हे काम एका दुपारचं, आणि ऑपरेटर यावर जास्त खूश आहेत. मला आधी सुचायला हवं होतं.

२० डिसेंबर

आज माझ्या स्क्रीनमुळे घात झाला असता. नीट लिहून ठेवते.

दुपारी ४:१० ला बाहेरची लाईन ट्रिप. टर्बाइन घरच्या लोडवर, म्हणजे फक्त कारखान्यापुरत्या विजेवर, आलं, वाफेची मागणी एकदम तुटली, दाब चढला. लेव्हल आधी पडली, कारण बुडबुडे दबले. मग बाहेर कान फाटेल असा आवाज झाला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. दाब उतरायला लागला आणि लेव्हल उलटी वर पळाली. गेल्या जानेवारीचीच रात्र, फक्त दिवसाउजेडी.

खुर्चीवर नवा पोरगा होता, आयटीआय झालेला, दुसराच हंगाम. त्याने माझ्या स्क्रीनकडे बघितलं. आत ५८, बाहेर ३१, फरक अधिक २७. ड्रम भरतोय, असं ती स्क्रीन ठामपणे सांगत होती. लेव्हलही वर. दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून त्याचा हात पाणी तोडायला गेला. मी मागे उभी होते आणि मलाही ते बरोबर वाटलं.

मामा राखेच्या बाजूने धावत आले. दारातूनच ओरडले, "पाणी तोडू नको! सेफ्टी उडालीय ना? तिच्यातून जायलेली वाफ त्या आकड्यात कुठंय?"

कुठेच नव्हती. वाफेचा फ्लोमीटर मुख्य लाईनवर आहे, सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या आधी. सेफ्टीतून आभाळात जाणारी वाफ कोणी मोजतच नाही. ज्या दोन-तीन मिनिटांसाठी मी ती वजाबाकी मांडली, नेमकी त्याच दोन-तीन मिनिटांत ती चुकीची होती. पोराने पाणी ठेवलं. सेफ्टी बसल्यावर लेव्हल खाली आली, उणे ६० ला थांबली.

म्हणजे जानेवारीत राखेच्या प्लँटवर पाठवलेल्या माणसाकडे आज आमच्याकडे होती तेवढीही मदत नव्हती, आणि या मदतीनेही आम्ही चुकलोच असतो. त्याला हे सांगायला संध्याकाळी मी राखेच्या प्लँटवर गेले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, तवा तो आवाज मला ऐकू आला होता. पण हूटर चालू होता." त्याने परत यावं म्हणून मी लेखी मागणी करणार आहे.

२७ डिसेंबर

स्क्रीन बदलली. दाब सेफ्टीच्या हद्दीजवळ गेला की फरकाचा अंक पुसला जातो, तिथे राखाडी पट्टा येतो आणि अक्षरं: 'वाफ मोजली जात नाही. पाणी तोडू नका.' मोजणी अपुरी असेल तेव्हा स्क्रीनने गप्प बसावं आणि का गप्प आहे ते सांगावं. हूटर पहिल्या ॲकनंतर दोन मिनिटं परत वाजत नाही, नवा अलार्म नुसता चमकतो. कान बाहेरच्या आवाजाला मोकळे राहायला हवेत.

याच धाग्याने दिवे तपासले. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत २८ मार्च १९७९ ला हेच झालं होतं: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला, पण पॅनलवरचा दिवा व्हॉल्व्हची जागा दाखवत नव्हता, तो फक्त बंद करायची आज्ञा गेली आहे की नाही हे दाखवत होता. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद समजला. आणि तिथेही प्रेशरायझरमधली (भट्टीचा दाब सांभाळणाऱ्या टाकीतली) पातळी वर दिसली म्हणून त्यांनी गाभ्यात जाणारं पाणी कमी केलं होतं. अणुभट्टी आणि बगॅसचा बॉयलर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण चढलेली लेव्हल बघून पाणी तोडणारा हात तोच.

आमच्या बॉयलरवरच्या मोटर व्हॉल्व्हपैकी पाच असे निघाले की स्क्रीनवरचा रंग आज्ञेचा होता, व्हॉल्व्हची जागा सांगणाऱ्या लिमिट स्विचचा नव्हता. स्टार्टअप व्हेंटही त्यात. बदलले. ज्याला लिमिट स्विचच नाही त्याच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह टाकलं.

ड्रममधलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीबद्दल, गेज ग्लासबद्दलही पाळीत बोलले. काचेतलं पाणी ड्रममधल्या पाण्यापेक्षा थंड, म्हणून जड, म्हणून काच खऱ्यापेक्षा थोडी कमीच दाखवते. ट्रान्समीटर आणि काच जुळत नाहीत म्हणून पोरं ट्रान्समीटरला खोटं ठरवत होती. किती फरक चालेल ते आता काचेशेजारी रंगवलं आहे.

८ जानेवारी

आज पोरांकडून जे कळलं, त्यापुढे आतापर्यंतचं काम मला निम्मं वाटायला लागलं.

मी विचारलं, लेव्हल उतरतेय, पाणी येत नाही, सगळं स्पष्ट दिसतंय, तरी तुम्ही ट्रिपचं बटण का दाबत नाही? इंटरलॉकची वाट का बघता? सगळे गप्प. मग नव्या पोराने सांगून टाकलं. "मॅडम, आपोआप ट्रिप झाला तर मशीनची चूक. आपण दाबलं तर सकाळी ऑफिसात उभं करतात. गाळप काहून थांबवलं म्हणून."

तो एवढ्या साध्या आवाजात बोलला की मला पुढचा प्रश्न सुचला नाही. स्क्रीन कितीही चांगली केली तरी ज्याला ठरवायचा हक्क नाही तो ठरवणार नाही. तो फोन करणार. शिफ्ट इंजिनिअरला, मग चीफना, आणि फोन वाजेपर्यंत आमचं पाऊण मिनिट संपलेलं.

दुपारच्या बैठकीत हेच मांडलं. हिशेबाचा कागद पुढे ठेवला. गाळप थांबलं तर काही तास जातात. ड्रम कोरडा पडून ट्यूबा गेल्या तर हंगाम जातो, आणि माणसं बॉयलरच्या खालीच उभी असतात. बॉयलरवर दोन काचा का असतात, काचेत पाणी दिसेनासं झालं तर थंड पाणी न घालता आधी आग का तोडायची, हे जुन्या अटेंडंटांना सर्टिफिकेटच्या परीक्षेपासून पाठ आहे. तो निर्णय त्यांचाच होता. मधल्या काळात आम्ही काढून घेतला. चांगला दीड तास वाद झाला. विरोध करणाऱ्यांचीही बाजू होती. ऊस तोडून दोन दिवस गाडीत वाळला तर शेतकऱ्याचं वजन जातं, तो आमच्याच दारात येऊन बसतो. ते खोटं नाही.

शेवटी अर्ध्या पानाचं पत्र निघालं. चार स्थिती नावानिशी लिहिल्या. त्यांपैकी एकही दिसली तर बॉयलर ऑपरेटरने कोणालाही न विचारता बॉयलर बंद करायचा. नंतर ती स्थिती नव्हती असं निघालं तरी त्याला जाब विचारला जाणार नाही. खाली सही आणि शिक्का. लॅमिनेट करून पॅनलच्या उजव्या हाताला लावलं. दोन ऑपरेटरांनी मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. एवढा त्यांचा आमच्यावर विश्वास, हेही लिहून ठेवते.

१५ जानेवारी

राखेच्या प्लँटवरचा माणूस आजपासून पॅनलवर परत. मामांनी त्याला तिळगूळ दिला आणि खुर्ची सोडली.

२ फेब्रुवारी

पहाटे तीनला कंडेन्सेटच्या, म्हणजे वाफ निवून बॉयलरला परत जाणाऱ्या पाण्याच्या, कंडक्टिव्हिटीचा (विद्युतवाहकतेचा) अलार्म आला. गेल्या हंगामात हा दिवसाला चाळीसदा वाजायचा, कोणी बघत नव्हतं. आता आठवड्यात एखादा, म्हणून बघितला गेला.

रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमधून रसाचा अंश वाफेच्या पाण्यात उतरला की साखर बॉयलरमध्ये जाते. पाण्याचा पीएच पडतो, फेस येतो, लेव्हल नाचायला लागते. ऑपरेटरने नमुना मागवला. परीक्षानळीत अल्फा नॅप्थॉलचे थेंब, मग कडेने हळूच सल्फ्युरिक ॲसिड. दोन थरांच्या मध्ये जांभळं कडं धरलं. बारीक, पण ट्यूबलाईटसमोर धरल्यावर स्पष्ट. म्हणजे साखर आहे.

पुढचा प्रश्न पाण्याचा. कंडेन्सेट तोडलं की बॉयलरला डीएम (क्षार काढलेलं) पाणीच द्यावं लागतं. टाकीत २४० घनमीटर, लागणार ताशी सुमारे ६०. चार तास. हा हिशेब जानेवारीतच स्क्रीनवर टाकला होता: 'डीएम टाकी इतका वेळ पुरेल.' त्याने तो वाचला, कंडेन्सेट प्रोसेसच्या गरम पाण्याच्या टाकीकडे वळवलं, लोड थोडा उतरवला, आणि केमिस्टला सांगितलं की साडेसहापर्यंत गळती शोधा, नाहीतर मी गाळप कमी करतो. त्यांना साडेपाचला सापडली. इकडे पाण्याचा प्रत्येक टन मोजून वापरावा लागतो. २०१३ साली परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, ते इथल्या सगळ्यांना आठवतं. टाकी संपली म्हणून बॉयलर बंद करायला लावणं कोणाला परवडलं नसतं.

१९ फेब्रुवारी

परवा गारांचा पाऊस. यार्डातला बगॅस भिजला, दाब दोन दिवस ५८ ते ६२. अलार्म वाढले, तरी दहा मिनिटांना तीनच्या वर गेले नाहीत. बाकी काही नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळी आले तेव्हा चिमणीतून धूर नव्हता. यार्डात गाड्या उभ्या. कंट्रोल रूममध्ये नवा पोरगा पाळी संपूनही बसून होता, चहाचा कप हातात, चहावर साय धरलेली.

ट्रेंड उघडला. ३:४० ला वाफ ७४, पाणी ७३. मग पाणी उतरायला लागलं: ६०, ४४, ३१. कंट्रोलर पाण्याचा व्हॉल्व्ह उघडत गेला, ९२ टक्के. स्क्रीनवर व्हॉल्व्ह उघडा, पंपाचा दाब चांगला, आणि पाणी येत नाही. पोराने तीस टक्क्यांची बायपास लाईन उघडली, पाणी ४० पर्यंत आलं, पुढे नाही. फरक उणे ३४. लेव्हल तेव्हा फक्त उणे ४५ होती, लो अलार्मसुद्धा आलेला नव्हता.

दुपारी व्हॉल्व्ह उघडला. प्लग (पाणी अडवणारा भाग) आणि स्टेम (त्याला उचलणारा दांडा) यांना जोडणारी पिन तुटलेली. स्टेम वर-खाली होत होता, ९२ टक्के तोच दाखवत होता, प्लग मात्र खाली सीटवर टेकलेला. आज्ञा आणि जागा यांतला फरक मी डिसेंबरमध्ये शोधला होता. इथे जागा दाखवणारंही खोटं निघालं. खरं बोलला तो पाण्याचा फ्लो.

गाळप सहा तास थांबलं. ट्यूबा शाबूत. पोराला कोणी ऑफिसात बोलावलं नाही. चीफ स्वतः खाली आले, ट्रेंड बघितला, पत्रावरची पहिली ओळ वाचली आणि वर गेले.

लॉगबुकात त्याच्या अक्षरात एवढंच आहे: '०३:४२. पाणी येत नाही, व्हॉल्व्ह उघडा दाखवतो. पत्रातली स्थिती १. बॉयलर बंद केला. ०३:४४ ला शिफ्ट इंजिनिअरला फोन केला.'

उद्याची कामं: बायपास लाईनच्या व्हॉल्व्हची पिन तपासायची, दोन नवीन पिनांसाठी स्टोअरला मागणी द्यायची. फ्लो आणि व्हॉल्व्हची जागा यांत तफावत पडली तर सांगणारा एक अलार्म लावायचा. आधी तिन्ही पाळ्यांना विचारायचं, हा वाजला तर तुम्ही काय कराल.